चाळीस टँकरांची सलामी

नेव्हीतून सुटलेला माणूस पाण्याचा टँकर चालवतो, यात हसण्यासारखं खरं तर काही नाही. पण आमच्या वस्तीत त्यावर रोज हसणं व्हायचं. शेजारची द्वारकाबाई तर टँकर वळणावर दिसला की ओरडायची, "आलं गं बाई, जहाज आलं! धक्क्यावर चला!" मग सगळ्या बाया आपापले ड्रम सरळ करून पाइप धरायला पळायच्या. हसता हसता पाइप हातातून सुटला तर सहा दिवसांचं पाणी मातीत जायचं, म्हणून हसायचं तेसुद्धा बेतानं.

आमच्या ह्यांचं नाव त्रिंबक. सगळीकडं 'हे' आणि 'ह्यांना' लिहिलं तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, म्हणून नावानंच लिहिते. तोंडानं घ्यायची आमच्यात रीत नाही. पंधरा वर्षं त्यांनी नेव्हीत काढली आणि त्यानंतरची अकरा वर्षं नानासाहेबांच्या टँकरवर. नानासाहेब म्हणजे ठेकेदार. चाळीस टँकर त्यांचे. त्यातला सतरा नंबरचा आमच्याकडं.

ही गोष्ट सोळा सालच्या उन्हाळ्यातली. शहर तेव्हा औरंगाबाद होतं. आता त्याला नवं नाव आहे. नळ आमच्या गल्लीत तेव्हाही नव्हता. पडेगावच्या मागच्या माळावर गुंठ्यागुंठ्यानं प्लॉट पडले, प्लॉटवर पत्रे चढले, पत्र्याखाली आम्ही आलो. समोर मोठ्या बिल्डिंगा उठत होत्या, त्यांच्या गच्चीवर काळ्या टाक्या चढत होत्या. पाऊस गेल्या वर्षी नाही आणि त्याच्या आधीच्या वर्षी तर त्याहून नाही.

त्या मार्चात सासरे आले. त्यांचं नाव सांडू. त्रिंबक त्यांना दादा म्हणत, मी मामा म्हणायची. पिशोरहून फुलंब्रीमार्गे तीन दिवस चालत आले, खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि पुढं बावीस मेंढरं. माझ्या लग्नात दीडशेचा कळप होता. दुष्काळागणिक तो आटत आला होता. सासूबाई गेल्यापासून मामांना बोलायला ही बावीसच उरली होती. एकेकीला नाव होतं. एकीचं नाव तर सासूबाईंचंच होतं, पण ते नाव मामा आमच्यासमोर घ्यायचे नाहीत.

"मामा, चारा छावणीत का नाही नेली?" मी विचारलं.

"नेली व्हती. तिथला साहेब म्हणे, गाय, बैल अन् म्हैस, एवढंच लिहितो. म्हटलं, मेंढरू जनावर नाय व्हय? तर म्हणे, कागदावर नाय."

"मग?"

"मग काय. मेंढरांना वाचता येत नाय, म्हणून त्यांना वाईट वाटलं नाय. चालत आली."

बावीस मेंढरांना उन्हाळ्यात रोज अर्धा ड्रम पाणी लागतं. आमच्या घराला सहा दिवसांना दोन ड्रम. गणित माझ्या डोक्यात होतंच, आणि द्वारकाबाईनं ते चारचौघींत मोठ्यानं मांडून पण दाखवलं. पण त्रिंबकनं वाट काढली. टँकर रिकामा झाला असं आपण म्हणतो, पण तो पुरता रिकामा होत नाही. पाणी सोडायच्या वॉलच्या खाली, तळाला चार-पाच बोटं पाणी राहतंच. संध्याकाळी घरी येताना ते सतरा नंबर आमच्या दारापुढच्या चढावर लावायचे, तोंड वर, शेपूट खाली. तळाचं पाणी हळूहळू मागं यायचं. वॉल उघडला की पाच-सहा बादल्या निघायच्या. गढूळ, गंजाच्या वासाचं. मेंढरं त्यावर जगली.

दीड महिन्यात त्यांना त्या टँकरची सवय लागली. इंजिनाचा आवाज आला की कान टवकारायची. टँकर थांबला रे थांबला की सगळी त्याच्या पोटाखाली. वॉल चाटायची, थेंब झेलायची, आणि पाणी संपलं तरी तिथंच सावलीला एकमेकींच्या पोटाखाली माना घालून बसायची. म्हणून सकाळी टँकर काढायच्या आधी मामा खाली वाकून, काठी जमिनीवर आपटून "हुर्रर्र, हुर्रर्र" करत एकेक मेंढरू बाहेर काढायचे. शेवटचं निघालं की हात वर करायचे. तो हात दिसल्याशिवाय त्रिंबक चावी फिरवत नसत.

मग एक दिवस नानासाहेब स्वतः आमच्या दारात आले. दिल्लीचे एक मोठे नेते दुष्काळ बघायला येणार होते. दौलताबाद रोडनं त्यांच्या गाड्या जायच्या होत्या.

"नेव्ही," नानासाहेब त्रिंबकला याच नावानं हाक मारायचे, "ते तुमचं काय असतं? राष्ट्रपती येतात, जहाजं रांगेत उभी राहतात ते?"

"फ्लीट रिव्ह्यू, साहेब."

"हां, तेच. तसं करायचं आपल्या टँकरांचं. रोडच्या कडेचं ग्राउंड घेतलंय मी. साहेबांची गाडी पुढून जाईल, आपले चाळीसच्या चाळीस टँकर असे..." त्यांनी हात आडवा फिरवला. "दिसलं पाहिजे की काम चाललंय. जमंल ना?"

जमंल का, हे त्रिंबकला विचारायची गरज नव्हती. अकरा वर्षांत त्यांना कुणी असं काही विचारलंच नव्हतं. दोन हजार एक साली मुंबईच्या समुद्रात झालेल्या रिव्ह्यूला ते जहाजाच्या कठड्याला उभे होते. देशोदेशीची जहाजं रांगांनी नांगर टाकून उभी, मधल्या गल्लीतून राष्ट्रपतींचं जहाज हळू जातंय, ते समोर आलं की सगळ्यांनी एकदम टोपी काढायची, वर करायची, आणि तीन वेळा जय. हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की भाकरी थापताना आपोआप तिसऱ्या जयला माझी भाकरी तव्यावर पडायची.

त्या संध्याकाळी त्यांनी कॅलेंडरच्या पाठीमागं चार रांगा आखल्या. रांगेत दहा टँकर. आणि आखता आखता मामांना सगळा इतिहास सांगितला.

"सहाशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजानं लढाईला जायच्या आधी आपली जहाजं रांगेत लावून बघितली, दादा. तवापासून चालत आलंय. आपल्याकडं आंग्र्यांनीही रत्नागिरीपाशी आरमार असं लावलं होतं म्हणतात. मग स्वातंत्र्यानंतर त्रेपन्न साली मुंबईला पहिलं. आता प्रत्येक राष्ट्रपती एकदा तरी बघतातच."

मामा एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. "कशाला बघतेत?"

"ताकद कळावी म्हणून."

"कुणाला?"

"सगळ्यांना. खुद्द राजालाही."

"त्याचीच जहाजं, अन् त्यालाच म्हाईत नसतेत व्हय?"

"तसं नसतं, दादा. रांगेत लागली की वेगळी दिसतेत. एकोणीसशे चौदा साली तिकडच्या राजानं बघितली तेव्हा मैलच्या मैल जहाजं होती म्हणे."

"मग? बघून झाल्यावर?"

"मग दोन-अडीच आठवड्यांत महायुद्ध लागलं."

"म्हंजे बघितल्यालं फुकट गेलं," मामा म्हणाले आणि काटा माझ्या हातात दिला. "चुलीत टाक गं शालू. पायात जाईल कुणाच्या."

तयारीला तीन दिवस होते. टँकर निळ्या रंगानं रंगवले. आणि त्रिंबकनं नानासाहेबांना एक गोष्ट पटवून दिली: टँकर भरलेलेच पाहिजेत. रिकामा टँकर स्प्रिंगवर वर उचलतो, अर्धा भरलेला तिरका बसतो. रांगेत एक खाली एक वर दिसला की सगळी शोभा गेली. नानासाहेबांना ते लई आवडलं. चाळीस टँकर काठोकाठ भरले, वॉलला तार गुंडाळून सील केलं आणि ग्राउंडवर नेऊन उभे केले. तीन दिवस. त्यात आमच्या वस्तीचा दिवस येत होता. आणि सतरा नंबर रोज संध्याकाळी घरी येत होता, तोही आता येणार नव्हता.

हे त्रिंबकच्या लक्षात आलं नसेल असं नाही. घरातून निघताना म्हणाले, "तीनच दिवस आहेत. कार्यक्रम झाला की पहिला टँकर आपल्या वस्तीत. मी स्वतः घेऊन येतो. दादांना म्हण, तेवढी कळ काढा."

पहिल्या दिवशी मी आमच्या ड्रममधलं दिलं. दुसऱ्या दिवशी ड्रमचा तळ दिसला. द्वारकाबाईनं एक कॅन आणून आपटला. "घ्या. माझी सून बोलती मला. पण रात्रंदिवस तुमच्या मेंढरांचं रडणं ऐकवत नाय." बावीस तोंडांत एक कॅन. मामांनी चिंधी भिजवून एकेकीचं तोंड ओलं केलं.

मी त्या दिवशी ग्राउंडवर गेले. तालीम चालली होती. चाळीस ड्रायव्हर आपापल्या टँकरपुढं उभे, डोक्यावर नव्या पांढऱ्या टोप्या. कचरू नावाचा एक ड्रायव्हर होता, जुना, तोंडाचा फाटका. त्रिंबकला पुढं राहून इशारे द्यायचे होते म्हणून सतरा नंबर त्याच्याकडं दिला होता. मला बघून तो म्हणाला, "वहिनी, बघा आमची अवस्था. लग्नातल्या वाढप्यांसारखं दिसतंय का नाय? ओ नेव्ही, रुमाल चालंल का? ह्या टोपीत डोकं उकडतंय!"

"टोपीच," त्रिंबक म्हणाले. "आणि ऐका पुन्हा. तीन वेळा जय. मग आपापल्या गाडीत. तीन वेळा हॉर्न, सगळ्यांचा एकदम. मी हिरवा झेंडा खाली केला की निघायचं. पुढच्याच्या मागं मागचा. नजर समोर. बाजूला तुमचा बाप उभा असला तरी मान वळवायची नाही. काही झालं तरी लाइन मोडायची नाही."

"अन् आमची बायको उभी असली तर?"

"मग तर बिलकुल नाही," कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला. त्रिंबकही हसले. अशा मोकळ्या चेहऱ्यानं हसताना त्यांना मी किती वर्षांनी बघत होते. म्हणून बोलताना माझा आवाजच खाली गेला.

"अहो, सतरातून चार बादल्या द्या. मामांची मेंढरं..."

"सील लागलंय, शालू. माझ्याच हातानं लावलंय. मीच तोडलं तर ह्या चाळीस जणांना काय सांगू?"

"चार बादल्यांनी टँकर वर उचलणार आहे का?"

"उद्या दुपारी," ते म्हणाले. "एक दिवस."

मी परत आले. रागावले होते असं लिहिलं तर खोटं होईल. मलाही वाटलं, एक दिवस तर आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी दोन मेंढ्या सकाळी उठल्याच नाहीत. श्वास होता, डोळे होते, पाय नव्हते. मामा त्यांच्याशेजारी बसून होते. साहेब दहाला यायचे होते. अकरा वाजले तरी रोडवर फक्त पोलीस आणि ऊन. मी पुन्हा ग्राउंडवर गेले. पोलिसांनी आत सोडलं नाही, तेव्हा दोराच्या बाहेरून हाक मारली. त्रिंबक आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, बूट चकाचक. एकदम पंधरा वर्षांपूर्वीचे दिसत होते.

"दोन बसल्यात," मी म्हटलं. "मामा बोलत नाहीत. एक बादली द्या, मी डोक्यावर नेते."

"आता नाही गं. आता लाइन लागलीय. साहेब निघालेत तिकडून, कुठल्याही मिनिटाला येतील." त्यांनी मागं वळून बघितलं. चार निळ्या रांगा खरंच पट्टीनं आखल्यासारख्या होत्या. "तू घरी जा. सारखं सारखं येऊ नको. सगळे बघतात."

घरी आले तर मेंढरांचं वाडगं उघडं. त्या दोन मेंढ्या तिथंच पडलेल्या, आणि वीस नाहीत, मामाही नाहीत.

"नाल्यानं गेले," द्वारकाबाई म्हणाली. "म्हणे सावलीला नेतो. मी म्हटलं, बाबा, सावली हाय कुठं माळावर? तर म्हणे, ह्यांना म्हाईत हाय."

मग मी पळाले. वय बेचाळीस, पायात स्लीपर, कोरड्या नाल्यातले गोटे. नाला ग्राउंडच्या मागच्या अंगाला निघतो. तिकडं पोलीस जवळजवळ नव्हतेच. मागच्या बाजूनं कोण येतंय, याची काळजी कुणालाच नव्हती. वर चढून बघितलं तर शेवटच्या रांगेत, चाळीस एकसारख्या निळ्या टँकरांमधून मेंढरांनी बरोबर सतरा नंबर शोधला होता. सगळी त्याच्या पोटाखाली. सील केलेल्या वॉलमधून थेंब थेंब झिरपत होतं. ते चाटून, एकमेकींच्या पोटाखाली माना घालून ती बसली होती. पुढं कॅबिनपाशी उभ्या असलेल्या ड्रायव्हरांना ती दिसणं शक्यच नव्हतं.

मामा कुठायत म्हणून बघितलं, तर लांब, बाभळीखाली. एका हवालदारानं त्यांचा दंड धरला होता. "बाबा, साहेब गेल्यावर घे तुझी मेंढरं. आता इथनं हलायचं नाय," असं तो काही वाईट आवाजात म्हणत नव्हता. मामा काठीनं टँकरकडं दाखवत होते. तेवढ्यात रोडवर सायरन वाजला आणि हवालदारानं सरळ उभं राहून सलामाला हात कपाळावर नेला. दुसरा हात मामांच्या दंडावर तसाच.

गाड्या आल्या. काळ्या, एकामागं एक. हळू झाल्या. त्रिंबक पहिल्या टँकरच्या टपावर उभे होते, हातात हिरवा झेंडा. चाळीस टोप्या वर गेल्या.

"जय!"

मी दोराखालून घुसले आणि रांगांमधून पुढं पळत सुटले. "अहो, खाली बघा! अहो, मेंढरं! खाली मेंढरं आहेत!"

"जय!"

कचरू मला दिसला, पण त्याचं तोंड पुढं होतं. एका पोलीसबाईनं मागून माझा पदर धरला. "ए बाई, कुठं चाललीस?" मी तिला ओढतच पुढं गेले. त्रिंबक आता माझ्यापासून दहा टँकरांवर असतील. मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नावानं हाक मारली. मोठ्यानं, सगळ्यांदेखत.

"जय!"

त्यांनी ती ऐकली होती. हे त्यांनी मला नंतर सांगितलं, मी न विचारता. ऐकली, आणि वाटलं, परत बादलीच मागायला आली. मान वळवली नाही.

ड्रायव्हर गाड्यांत चढले. तीन हॉर्न झाले, चाळीस गाड्यांचे एकदम. तशा आवाजाला मेंढरू पळत नाही. ते आणखी आत घुसतं, एकमेकांत, जिथं जास्तीत जास्त अंधार असेल तिथं. झेंडा खाली आला.

सतरा नंबर एकदा उचलला आणि खाली बसला. पुन्हा उचलला. कचरूला वाटलं दगड आहेत. थांबला असता, पण शेजारचे निघाले होते आणि लाइन मोडायची नव्हती. काही मेंढरं बाहेर पळाली ती शेजारच्या चाकांत गेली. मागचं चाक कशावर तरी घसरलं, सतरा नंबरचं शेपूट खाली आपटलं आणि वॉल तुटला. बारा हजार लिटर पाणी एका झोतानं बाहेर पडलं.

पुढं रोडवर टाळ्या वाजत होत्या. पुढच्या तीन रांगा अगदी ठरल्याप्रमाणं साहेबांच्या गाडीसमोरून निघाल्या होत्या. त्या गाडीची काच खाली आली, एक हात बाहेर आला, हलला, आणि गाड्या पुढं गेल्या. त्या बाजूला सगळं फार सुरेख झालं. मी ते नाकारत नाही.

मामा आले. हवालदारानं त्यांना आता सोडलं होतं. ते चिखलात गुडघ्यावर बसले आणि मोजायला लागले, बोटानं नाही, प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवत. आठ मेल्या होत्या. चारांचे पाय गेले होते, त्या मान उचलून बघत होत्या. आठ जिवंत होत्या, आणि त्या आठही त्या लाल चिखलात तोंड घालून पाणी पीत होत्या. तीन दिवसांच्या तहानेला त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं. मामांनी त्यांना पिऊ दिलं. नाल्याकडून वस्तीतल्या बाया हंडे घेऊन पळत आल्या होत्या. जवळ आल्यावर द्वारकाबाईनं हंडा खाली ठेवला, आणि मग कुणीच पुढं आलं नाही.

त्रिंबक पळतच मागं आले. चेहरा घामानं चमकत होता. त्यांना पहिली मीच दिसले.

"बघितलं का शालू? काच खाली केली त्यांनी! नानासाहेबांनी मिठी मारली मला, सगळ्यांसमोर..."

आणि मग त्यांनी माझ्या साडीचा काठ बघितला.

मी बाजूला झाले. त्यांनी टोपी काढून हातात धरली. का काढली ते त्यांनाही माहीत नसावं. मामांसमोर जाऊन उभे राहिले. "दादा," म्हणाले.

मामांनी वर बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"लाइन लई सरळ व्हती रे," मामा म्हणाले.

कचरू चाकापाशी बसून उलट्या काढत होता. त्याची टोपी अजून डोक्यावरच होती.

पाय गेलेल्या चारांसाठी खाटिक बोलवावा लागला. मामांनी चौघींची तोंडं आधी धुतली. घरी येईपर्यंत त्या सकाळच्या दोघीही गेल्या होत्या. नानासाहेबांनी माणसाजवळ निरोप पाठवला की जे काय असेल ते बघून घेऊ, काळजी करू नका. मामांनी त्या माणसाला बसायला घोंगडी दिली, पाणी विचारलं, आणि परत पाठवून दिलं. त्या दिवशी आमच्या वस्तीत टँकर आला नाही. जो यायचा होता त्याचाच वॉल तुटला होता.

पुढच्या चार दिवसांत त्रिंबक मामांशी बोलायचा प्रयत्न करत राहिले. "दादा, उद्यापासून भरलेला ड्रम आणतो. ह्या आठांना काही कमी पडणार नाही."

"आठाला कळप म्हनत नाय," मामा एकदा म्हणाले. "पुढं चालनारी एक लागती, मागं राहनारी एक लागती. ह्या सगळ्या मधल्याच उरल्यात."

पाचव्या दिवशी फुलंब्रीकडचा फकिरा नावाचा धनगर रोडनं चालला होता, दोनशेचा कळप घेऊन गोदावरीच्या अंगाला. मामांनी त्याला थांबवलं. दोघं रस्त्याच्या कडेला बसून तंबाखू मळत बोलले. मग मामांनी वाडगं उघडलं.

मेंढरं दुसऱ्याच्या कळपात सोडताना जुन्या मालकानं आवाज काढायचा नसतो. आवाज ऐकला की ती परत फिरतात. नवा धनगर कितीही हाका मारो. हे मला तेव्हा कळलं. मामांनी आठही त्या दोनशेत ढकलली आणि मागं येऊन आमच्या पत्र्याला टेकून उभे राहिले. कळप हलला. आठातल्या तिघी थांबल्या. वळून बघायला लागल्या. एक तर चार पावलं परत आली आणि मान वर करून ओरडली. फकिरा लांबून हाका मारत होता. ती हलेना. मामांनी गळ्यातल्या रुमालाचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. दोन्ही हातांनी धरून ठेवला. ती पुन्हा ओरडली. मामांच्या मानेच्या शिरा वर आल्या होत्या. त्रिंबक माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी खाली बघितलं. मी बघत राहिले. कुणीतरी बघायला पाहिजे होतं.

बऱ्याच वेळानं ती वळली आणि धुळीत मिसळली. धूळ खाली बसल्यावरच मामांनी रुमाल काढला. आत जाऊन घोंगडी घेतली, काठी घेतली.

"मामा, कुठं?" मी विचारलं. पिशोरच्या घराला कुलूप होतं आणि विहिरीला तळ. तिथं त्यांचं कुणी नव्हतं. "इथंच राहा ना. मी आहे की."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यातच 'नाही' म्हटलेलं होतं.

आम्ही दोघं त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. वाटेत रिक्षात त्रिंबक एकटेच बोलत होते. मी येतो तुमच्याबरोबर, रजा टाकतो, घर झाडून देऊ, विहिरीतला गाळ काढू, आपण दोघं मिळून. टँकर कुणीही चालवील. मामा बाहेरच्या बिल्डिंगा बघत होते. एका बिल्डिंगवर कामगार नवी टाकी चढवत होते.

पिशोरची गाडी लागलेली होती. मामा वाटेकडच्या कडेला बसले, काठी गुडघ्यांत उभी धरून. त्रिंबक त्यांना ओलांडून खिडकीपाशी जाऊन बसले. मी खाली खिडकीखाली उभी राहिले. कंडक्टर आला.

"कुठं, बाबा?"

"पिशोर," त्रिंबक म्हणाले. "दोन."

कंडक्टरनं मशीनवर बोट ठेवलं. मेंढरं सोडल्यापासून मामांच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. आता निघाला तो घोगरा, रुमालाच्या धाग्यांत अडकल्यासारखा.

"एक," मामा म्हणाले.

कंडक्टरनं दोघांकडं बघितलं. त्रिंबक बसूनच होते. मग मामांनी त्यांना वाट मिळावी म्हणून आपले गुडघे आणि काठी जरा आत घेतली.

त्रिंबक खाली उतरून माझ्या शेजारी उभे राहिले. गाडी निघाली.